जागेवरची शर्यत आणि न्याय्य मोजमाप

अशी कल्पना करा की चार सायकलपटूंचा एक संघ आहे. त्यांतला एक परभणीत राहतो, दुसरा पुण्यात, तिसरा दुबईत आणि चौथा लंडनमध्ये. चौघेही आपापल्या घरात, जागच्या जागी पक्क्या बसवलेल्या सायकलवर पेडल मारत आहेत. समोरच्या पडद्यावर मात्र ते चौघे एकाच रस्त्यावर, एकामागे एक असे धावताना दिसतात. त्यांच्या मागेपुढे आणखी दहा संघ आहेत. कोणाचे चाक जमिनीला लागलेले नाही, कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेले नाही, आणि तरीही शेवटी एक संघ पहिला येतो व दुसरा दहावा.

याला आभासी सायकल-शर्यत म्हणतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीने मैदाने आणि रस्ते बंद पडले, तेव्हा या प्रकाराला एकदम महत्त्व आले. त्या वर्षी जुलैत फ्रान्सची प्रसिद्ध शर्यतही तीन आठवड्यांच्या शनिवार-रविवारी पडद्यावर भरवली गेली. तीत पुरुषांचे २३ आणि महिलांचे १७ संघ होते. त्याआधी महिनाभर, जूनमध्ये, अमेरिका आडवी पार करण्याच्या 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीची आभासी आवृत्ती झाली. तीत भारतीय सेनादलातील लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी पुण्यातून भाग घेतला. सुमारे बारा दिवसांत चार हजारांहून अधिक किलोमीटर अंतर त्यांनी जागेवरच तोडले आणि तिसरा क्रमांक मिळवला.

इथे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात : "सायकल जागची हललीच नाही, तर चार हजार किलोमीटर झाले कसे?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो : "आणि कोणी लबाडी केली तर कळणार कसे?" पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. दुसरा न्यायाचा वाटतो, पण त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी मोजमापाच्या शास्त्रातच सापडते. या लेखात आपण दोन्हींचा एकत्र विचार करू.

यंत्र नेमके काय मोजते?

आभासी शर्यतीसाठी सायकल खरीच असते. तिचे मागचे चाक काढून ती एका यंत्रावर चढवतात. या यंत्राला 'स्मार्ट ट्रेनर' म्हणतात. पेडल मारले की साखळीमार्फत यंत्रातील जड चकती फिरते. चकतीजवळ विद्युत्चुंबक असतात. धातूची चकती चुंबकीय क्षेत्रातून फिरू लागली की तिच्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते तिच्या फिरण्याला विरोध करतात. दहावीच्या पुस्तकातील विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचेच हे एक रूप आहे. विद्युत्चुंबकातील प्रवाह वाढवला की रोध वाढतो आणि स्वाराला चढ लागल्यासारखे वाटते.

यंत्र दोन गोष्टी मोजते : फिरवणारे बल-आघूर्ण आणि फिरण्याचा कोनीय वेग. त्यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि ती वॅटमध्ये मिळते. हा आकडा बिनतारी मार्गाने संगणकाकडे जातो. संगणकाला स्वाराचे वजन व उंची आधी सांगितलेली असते आणि पडद्यावरचा रस्ता किती चढाचा आहे हेही ठाऊक असते. मग तो उलटा हिशेब करतो : एवढ्या वजनाचा माणूस, अशा रस्त्यावर, एवढी शक्ती लावत असेल तर त्याची सायकल किती वेगाने धावली असती? जे उत्तर येईल तो त्याचा वेग. त्या वेगाला वेळेने गुणत गेले की किलोमीटर जमत जातात.

म्हणजे या शर्यतीत वेग मोजला जात नाही. मोजली जाते ती शक्ती. वेग हे गणिताने काढलेले उत्तर आहे. आपल्या सगळ्या चर्चेचे मूळ या एका वाक्यात आहे.

परभणी ते जिंतूर : एक हिशेब

हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. परभणीहून जिंतूरला जाणारा रस्ता घेऊ. अंतर सुमारे ४० किलोमीटर मानू. हिशेब सोपा व्हावा म्हणून रस्ता सपाट आहे आणि वारा पडलेला आहे असेही मानू. स्वाराचे वजन ६० किलो, सायकलचे १० किलो.

सपाट रस्त्यावर सायकलला दोन मुख्य विरोध होतात. एक टायर आणि रस्ता यांच्यातला लोटण-रोध. चांगल्या टायरसाठी तो एकूण वजनाच्या साधारण दोनशेव्या भागाइतका धरता येतो. दुसरा हवेचा रोध. हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग असल्यामुळे हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तिथल्या हवेची घनता घनमीटरला १.१ किलोच्या आसपास भरते. ओणवून बसलेल्या स्वाराचे हवेला अडणारे परिणामी क्षेत्रफळ ०.३२ चौरस मीटर धरू.

वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर असेल, तर हवेसाठी सुमारे २२ वॅट आणि लोटण-रोधासाठी १७ वॅट, मिळून ३९ वॅट लागतात. आता वेग दुप्पट करू : ताशी ३६ किलोमीटर, सेकंदाला १० मीटर. लोटण-रोधाचा खर्च दुप्पट होऊन ३४ वॅट होतो. पण हवेचा खर्च आठपट, म्हणजे १७६ वॅट होतो. बेरीज २१० वॅट. वेग दुप्पट करायला पाचपटीहून जास्त शक्ती लागली. शाळेत सायकलने येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला समोरच्या वाऱ्यात याचा अनुभव आलेला असतो. मानव विकास कार्यक्रमातून ज्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत, त्यांना हे गणित फळ्यावर येण्याआधी पायांना कळलेले असते.

चौघे मिळून का जिंकतात?

सायकलची शर्यत सांघिक होते ती याच हवेमुळे. पुढचा स्वार हवा कापत जातो आणि त्याच्यामागे कमी दाबाची, त्याच्याबरोबर ओढली जाणारी हवा राहते. त्या आडोशाने चालणाऱ्या दुसऱ्या स्वाराला हवेचा रोध बराच कमी होतो. अंतर, वेग आणि स्वारांची बैठक यांनुसार ही बचत बदलते. आपण ती ३० टक्के धरू.

ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चौघांच्या रांगेत पुढच्याला २१० वॅट लागतात. मागच्या तिघांना हवेसाठी १७६ ऐवजी १२३ आणि लोटण-रोधाचे ३४ मिळून प्रत्येकी १५७ वॅट पुरतात. चौघे पाळीपाळीने पुढे आले, तर प्रत्येकाची सरासरी १७० वॅट पडते. आता तोच स्वार १७० वॅट लावून एकटा निघाला तर? त्याचा वेग ताशी ३३ किलोमीटरच्या थोडासा वर राहील. जिंतूरला संघ ६६ मिनिटे ४० सेकंदांत पोचेल आणि एकट्याला ७२ मिनिटे लागतील. पायांची ताकद कोणाचीच वाढलेली नाही. साडेपाच मिनिटे मिळाली ती केवळ पाळी सांभाळण्यातून.

संघाने एकत्र राहावे यासाठी नियमही तसे केलेले असतात. ऑलिंपिकमधील सांघिक पाठलाग-शर्यतीत चार स्वार धावतात आणि तिसऱ्याने रेषा ओलांडली की संघाची वेळ नोंदतात. त्यामुळे सर्वांत बलवान स्वाराने एकट्याने पुढे पळून काही साधत नाही. त्याचे काम तिसऱ्याला आडोसा देण्याचे. आभासी सांघिक शर्यतींतही ठरावीक क्रमांकाच्या स्वाराची वेळ मोजण्याची किंवा सर्वांचे गुण मिळवण्याची पद्धत आहे.

सहकार्याचे रूप शर्यतीच्या नियमावर कसे ठरते, याचे एक उदाहरण नाशिकचे आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाने, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. तिथे पाळी म्हणजे एकाने चालवायचे आणि दुसऱ्याने विसावा घ्यायचा. आपल्या चौघांच्या संघात पाळी म्हणजे एकाने वारा अंगावर घ्यायचा आणि तिघांनी त्याच्यामागे दम राखायचा. दोन्हीकडे संघातल्या माणसाने दुसऱ्याचा थकवा ओळखणे आवश्यक असते.

आभासी शर्यतीत हे ओळखणे अवघड जाते. रस्त्यावर पुढच्याचे खांदे हलू लागले, श्वास वाढला, की मागच्याला न सांगता कळते. पडद्यावरची आकृती कधीच थकलेली दिसत नाही. म्हणून असे संघ कानाला श्रवणयंत्र लावून सतत बोलत राहतात : "माझे वीस सेकंद उरले", "वेग थोडा कमी करा, चौथा सुटतोय". शिवाय इथे आडोसासुद्धा खरा नसतो. परभणीतल्या स्वारापुढे लंडनचा स्वार हवा कापत नसतो. मागच्याला किती टक्के सवलत द्यायची, ती किती अंतरापर्यंत द्यायची, हे कार्यक्रम लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. निसर्गाचा नियम इथे कोणीतरी लिहिलेला नियम होतो. तो सर्वांना सारखा लागू असेल आणि सर्वांना आधी माहीत असेल, तर त्यात अन्याय नाही. पत्त्यांच्या डावाचे नियमही माणसांनीच केलेले असतात.

वजनाचा काटा कोणाच्या हातात?

आता चढ घेऊ. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा, आठ किलोमीटर लांबीचा घाट. परभणी जिल्ह्यात एवढा घाट नाही. पडद्यावर मात्र तो सहज उभा करता येतो. आपला ६० किलोचा स्वार १० किलोच्या सायकलवर सेकंदाला ४ मीटर वेगाने चढतो. त्याला सुमारे १९० वॅट लागतात. त्यांतले १६५ वॅट केवळ स्वतःला आणि सायकलला वर उचलण्यात जातात. हवेचा वाटा अवघा ११ वॅटचा. घाट चढायला ३३ मिनिटे २० सेकंद लागतात.

समजा, या स्वाराने नोंदणी करताना आपले वजन ६० ऐवजी ५४ किलो लिहिले. पायांची ताकद तीच, १९० वॅटचीच. पण संगणक ७० ऐवजी ६४ किलो उचलायचे आहेत असे धरून हिशेब करतो, आणि तो सुमारे ३० मिनिटे ५५ सेकंदांत वर पोचतो. एका खोट्या आकड्याने जवळजवळ अडीच मिनिटे मिळाली. सपाट रस्त्यावर त्याच खोट्याने लोटण-रोधातले जेमतेम ३ वॅट वाचले असते. म्हणजे वजनाच्या लबाडीचे मोल रस्त्यावर अवलंबून असते, आणि लबाडी कुठे शोधायची हेही हेच गणित सांगते. काही आभासी कार्यक्रम उंचीवरून हवेचा रोध ठरवतात; तिथे उंची कमी लिहिणे हीसुद्धा लबाडी ठरते.

हेतू शुद्ध असूनही आकडा चुकू शकतो, ही बाब याहून नाजूक आहे. चांगल्या प्रतीच्या यंत्रांची अचूकता एक-दोन टक्क्यांपर्यंत सांगितली जाते. साध्या यंत्रांत पाच टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. २१० वॅटवर दोन टक्के म्हणजे ४ वॅट, पाच टक्के म्हणजे १० वॅट. शास्त्रात आपण दोन प्रकारच्या त्रुटी वेगळ्या ओळखतो. एक कधी जास्त तर कधी कमी दाखवणारी यादृच्छिक त्रुटी. पुष्कळ वाचनांची सरासरी घेतली की ती बरीचशी पुसली जाते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली त्रुटी; तिची कितीही सरासरी घेतली तरी ती तशीच राहते. दुकानातला तराजू हात थरथरल्याने चुकला तर ती पहिली, आणि पारड्याखाली चिंच चिकटवलेली असेल तर ती दुसरी. म्हणून शर्यतीपूर्वी यंत्राचे शून्य तपासून घेणे हा सज्जनपणाचा भाग समजला जातो.

एकाचा आकडा, चौघांचा निकाल

वैयक्तिक शर्यतीत चुकीच्या आकड्याचा फायदा एकट्याला होतो. संघात काय होते ते पाहू. चौघांपैकी एकाचे यंत्र दहा टक्के जास्त दाखवते. तो खरे १९१ वॅट लावतो आणि पडद्यावर २१० दिसतात. ताशी ३६ किलोमीटरने रांगेच्या पुढे राहायला एवढेच लागतात. तो पाळी न सोडता सतत पुढे राहिला, तर मागच्या तिघांना संपूर्ण वेळ १५७ वॅटच लावावे लागतात. प्रामाणिक पाळीत त्यांना सरासरी १७० लागले असते. ते तिघे तासभर प्रत्येकी १३ वॅट वाचवतात आणि शेवटच्या चढासाठी ताजे राहतात. त्यांची यंत्रे अचूक आहेत, वजने खरी आहेत, मनात काही खोट नाही. तरीही त्यांच्या वेळेत चुकीचा वाटा आला. इतर दहा संघांवर अन्याय झाला आणि हे तिघे नकळत त्यात सामील झाले.

म्हणूनच आभासी सांघिक शर्यतीत 'मी माझ्यापुरता प्रामाणिक आहे' एवढे पुरत नाही. यंत्र तपासले का, वजन या आठवड्यात घेतले का, हे सहकाऱ्याला विचारणे हा संशय नव्हे; तो संघकार्याचाच भाग आहे. प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने घेतलेले वाचन दुसऱ्याने पडताळावे असे आपण सांगतो, त्यामागचे कारणही हेच असते.

गट कसे पाडावेत?

समबलांमध्ये शर्यत व्हावी म्हणून गट पाडतात. अनेक वर्षे रूढ असलेली एक पद्धत म्हणजे दर किलो वजनामागे किती वॅट, यावरून गट ठरवणे. ऐकायला ती अगदी न्याय्य वाटते. आपण तपासून पाहू. ५० किलोची एक आणि ७५ किलोचा एक असे दोन स्वार, दोघेही किलोमागे ३ वॅट लावणारे. पहिलीचे १५० वॅट, दुसऱ्याचे २२५. सपाट रस्त्यावर लहान अंगाच्या स्वाराला हवा थोडी कमी अडते, पण वजनाच्या प्रमाणात कमी अडत नाही. तिचे परिणामी क्षेत्रफळ ०.२८ धरले, तरी तिचा वेग ताशी साधारण ३३.४ किलोमीटर येतो आणि त्याचा ३६.५. चढावर तरी बरोबरी होईल असे वाटते. पण १० किलोची सायकल दोघांनाही सारखीच वाहायची असते. सहा टक्के चढावर तिचा वेग १३.४ आणि त्याचा १४.२ किलोमीटर येतो. एकाच गटातले हे 'समान' स्वार दोन्ही रस्त्यांवर समान नाहीत.

या पद्धतीतून आणखी एक प्रकार निघाला : बलवान स्वाराने मुद्दाम कमी जोर लावून आपली नोंद खालच्या गटात ठेवायची आणि महत्त्वाच्या दिवशी जिंकायचे. आपल्याकडे शालेय स्पर्धांत वयाचा दाखला बदलून मोठा मुलगा लहान गटात खेळवतात, त्याचाच हा भाऊबंद. यावर उपाय म्हणून झ्विफ्ट या प्रसिद्ध आभासी व्यवस्थेने २०२४ मध्ये पूर्वीच्या निकालांचाही विचार करणारी गुणपद्धत आणली. कोणतीही एक मोजपट्टी पूर्ण न्याय देत नाही. ती कोणाच्या बाजूला झुकते हे माहीत असले की दुरुस्ती करता येते.

तपासणी कशी करतात?

२०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आभासी अजिंक्यपद-स्पर्धेतील पुरुष विजेता कॅमेरॉन जेफर्स याचे विजेतेपद काढून घेण्यात आले, त्याला सहा महिन्यांची बंदी आणि २५० पौंड दंड झाला. त्याने शर्यतीतले वॅट खोटे दाखवल्याचा आरोप नव्हता. त्या खेळात ५०,००० मीटर चढण्याचे आव्हान पूर्ण करणाऱ्याला एक विशेष वेगवान आभासी सायकल मिळत असे. ते चढण त्याने स्वतः न चढता संगणकाच्या आज्ञावलीकडून चढवून घेतले होते. शर्यतीतली मेहनत खरी होती, पण साधन गैरमार्गाने मिळवलेले होते. वर्गात चर्चेला हे उदाहरण फार चांगले आहे.

उपायांचे तत्त्व एकच आहे : एका गोष्टीचे दोन स्वतंत्र मार्गांनी मोजमाप. स्वाराने ट्रेनरबरोबरच सायकलच्या पेडलवर किंवा क्रँकवर दुसरा शक्तिमापक लावायचा आणि दोन्ही नोंदी पाठवायच्या. दोन आलेख सेकंदासेकंदाला जुळले पाहिजेत. वजन करतानाचे चित्रण पाठवायचे, त्यात काट्यावर आधी माहीत असलेले वजन ठेवून काटा खरा असल्याचे दाखवायचे. हृदयाच्या ठोक्यांची नोंद शक्तीशी सुसंगत आहे का ते पाहायचे. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची पहिली आभासी जागतिक अजिंक्यपद-स्पर्धा झाली, तेव्हा स्पर्धकांना एकाच नमुन्याची यंत्रे पुरवण्यात आली. त्या स्पर्धेत पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न जिंकला. तो मुळात नौकावल्हव होता आणि पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने वल्हवण्यात रौप्यपदक मिळवले. महिलांत दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन पासिओ जिंकली. २०२४ च्या स्पर्धेची अंतिम फेरी तर सर्वांना अबू धाबीत एकत्र आणूनच घेतली गेली. दुरून घ्यायच्या खेळाला निर्णायक दिवशी पुन्हा समोरासमोर यावे लागले, यावरून दूरस्थ मोजमापाची मर्यादा लक्षात येते.

खोलीतला उकाडा

एक विषमता मात्र कोणत्याही काट्यावर दिसत नाही. आपले शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचवते. बाकीची उष्णता होते. २०० वॅट लावणारा स्वार त्याच वेळी सुमारे ६०० वॅट उष्णता निर्माण करत असतो. ती सारी घामाच्या बाष्पीभवनाने घालवायची तर तासाला जवळजवळ ९०० मिलिलिटर घाम वाळावा लागतो. रस्त्यावर समोरून येणारी हवा हे काम करते. बंद खोलीत ती नसते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. हवाच त्वचेपेक्षा गरम असते. त्या खोलीत पंख्यासमोर, किंवा वीज गेल्यावर पंख्याविना, पेडल मारणारा स्वार आणि थंड हवेच्या खोलीतला स्वार यांचे आकडे पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. यंत्राची आणि अखंड वीज-इंटरनेटची किंमत ही गोष्ट वेगळीच. नियम सर्वांना सारखे असले, तरी परिस्थिती सारखी होत नाही. संघाने आपल्यातल्या अशा सहकाऱ्याला लांब पाळी द्यायची की आखूड, हे ठरवताना त्याची खोलीही लक्षात घ्यायला हवी.

वर्गात काय करता येईल?

या साऱ्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शाळेचा जिना, मोजपट्टी आणि घड्याळ पुरेसे आहे.

पहिला उपक्रम शक्ती मोजण्याचा. १५ सेंटिमीटरच्या २० पायऱ्या म्हणजे ३ मीटर उंची. ४५ किलोचा विद्यार्थी ६ सेकंदांत वर गेला, तर ४५ गुणिले ९.८ गुणिले ३ भागिले ६, म्हणजे सुमारे २२० वॅट. आता तीन जणांनी स्वतंत्रपणे वेळ घ्यावी. ०.३ सेकंदाचा फरक पडला तरी उत्तर २१० ते २३२ च्या दरम्यान हलते. दोन विद्यार्थ्यांच्या शक्तीत ५ वॅटचा फरक आला, तर त्यांच्यात पहिला कोण हे आपल्याला सांगता येईल का? हा प्रश्न वर्गापुढे जरूर ठेवावा.

दुसरा वजनाचा परिणाम पाहण्याचा. त्याच विद्यार्थ्याने पाठीवर ५ किलो ज्वारीची पिशवी घेऊन पुन्हा जिना चढावा आणि वेळेतला फरक नोंदवावा. इथे शिक्षकांना एक विनंती. मुलामुलींची वजने मोठ्याने जाहीर करू नयेत आणि त्यावरून तुलना करू नये. वजनावर गुण ठरणाऱ्या खेळांत कमी खाऊन वजन उतरवण्याचा मोह होतो आणि वाढत्या वयात तो घातक ठरतो. प्रयोगासाठी फरक हवा, तो पिशवीने मिळतो.

तिसरा उपक्रम नियम आणि वागणूक यांचा. चार-चार जणांचे संघ करून मैदानाला दोन फेऱ्या धावायला सांगा. पहिल्यांदा संघातल्या पहिल्याची वेळ मोजा, दुसऱ्यांदा तिसऱ्याची, तिसऱ्यांदा चौघांच्या वेळांची बेरीज. विश्रांतीला पुरेसा अवधी द्या. प्रत्येक वेळी धावपटू कसे धावले, कोण कोणासाठी थांबले, हे बाजूच्या मुलांनी लिहून काढावे. सायकलवर एकमेकांच्या अगदी मागे चालवण्याचा प्रयोग मात्र रस्त्यावर करू नये. सरावाविना तो अपघाताला निमंत्रण देतो.

शेवटी प्रत्येक संघाने आपल्या स्पर्धेसाठी पाच नियम लिहावेत आणि दुसऱ्या संघाने त्यांतून पळवाटा शोधाव्यात. मग पहिल्या संघाने नियम सुधारावेत. दोन-तीन फेऱ्यांत मुलांच्या ध्यानात येते की पळवाट बुजवायची असेल तर आधी काय मोजायचे, कोणी मोजायचे आणि कोणी पडताळायचे हे ठरवावे लागते. निवडणुकीतली मतमोजणी, बाजार समितीतला वजनकाटा, परीक्षेतले गुण, या सर्वांना हीच गोष्ट लागू पडते. ज्या विद्यार्थ्याने जिन्यावर स्वतः वेळ घेऊन शेजाऱ्याच्या वेळेशी ताडून पाहिली आहे, तो पुढे कोणत्याही आकड्याला 'हा कोणी मोजला?' असा साधा प्रश्न विचारायला कचरणार नाही.